नवा गुडघा, जुने छंद : प्रस्तावना

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया आज भरवशाची मानली जाते, आणि हा भरवसा तिने कमावलेला आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षांनंतरही टिकून असतात. ज्यांना अंगणापर्यंत जाणे जड झाले होते, रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग येत होती, त्यांच्या आयुष्यात हा बदल केवढा असतो ते आपण घराघरांत पाहतो. तरीही एक आकडा अस्थिरोगतज्ज्ञांचा पिच्छा सोडत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या राष्ट्रीय सांधेनोंदणीतल्या ८,२३१ रुग्णांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत ८१.८ टक्के रुग्ण समाधानी होते, ७ टक्के असमाधानी होते आणि ११.२ टक्क्यांना नक्की काय म्हणावे ते कळत नव्हते. पुढे २०१० साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १,७०३ शस्त्रक्रियांचा अभ्यास आला आणि त्यातही १९ टक्के लोक समाधानी नसल्याचे दिसले. देश वेगळे, विचारण्याची पद्धत वेगळी, पण पाचातला एक कुठेतरी नाराज, हे मात्र सारखेच. यांतल्या कित्येकांचा एक्स-रे निर्दोष असतो. धातू जागेवर, पाय सरळ, टाके भरलेले, आणि माणूस मात्र खूश नाही. हे पुस्तक त्या पाचव्या माणसासाठी आहे, आणि जे अजून शस्त्रक्रियेच्या अलीकडे उभे आहेत त्यांच्यासाठीही.

या नाराजीचे एक कारण सरळ आहे. काहींचे दुखणे जातच नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर साधारण पाचातल्या एका रुग्णाला पुढेही बऱ्यापैकी वेदना राहतात. त्यांची तक्रार वेदनेची आहे आणि तिचा शोध वैद्यकीय अंगानेच घेतला पाहिजे. तिला मनाचे खेळ म्हणणे अन्यायाचे आहे. पण ओंटारिओच्या अभ्यासात असमाधानाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट वेगळीच निघाली. ज्यांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत, त्यांच्यात असमाधानाची शक्यता दहा पटींहून अधिक होती. वय, वजन, सांध्याची बनावट यांपैकी कशाचाही जोर एवढा नव्हता. आता अपेक्षा म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. दुखू नये ही अपेक्षा सगळ्यांचीच असते. तिच्यापलीकडे प्रत्येकाची एक खास अपेक्षा असते आणि ती बहुतेक वेळा कामाची नसून आवडीची असते. पुन्हा भजनाला बसायचे असते, गच्चीवरच्या कुंड्यांत हात घालायचा असतो, नातवाबरोबर जमिनीवर पत्ते खेळायचे असतात, पहाटेच्या मंडळींबरोबर पर्वती चढायची असते. माझे म्हणणे असे, की गुडघेबदलानंतरचे समाधान फार मोठ्या प्रमाणात या आवडीच्या गोष्टींपाशी ठरते, आणि आपल्या दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी नेमक्या याच गोष्टींबद्दल कोणी विचारत नाही.

विचारत नाही याला इतिहास आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे फार काळ डॉक्टरच ठरवत आले. १९८९ साली रूढ झालेल्या अमेरिकन नी सोसायटीच्या गुणपद्धतीत दुखणे किती, गुडघा किती अंशांत वाकतो, सांधा डगमगतो का, किती अंतर चालता येते आणि जिना कसा चढता, एवढ्याला गुण होते. रुग्णाला त्या चालण्याने कुठे जायचे आहे, हा प्रश्नच त्या कागदावर नव्हता. ही उणीव पुढे त्याच संस्थेच्या लक्षात आली. २०११-१२ मध्ये पद्धत नव्याने बांधताना तिने रुग्णाची अपेक्षा आणि समाधान यांना स्वतंत्र जागा दिली, आणि एका यादीतून स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन हालचाली रुग्णाने निवडाव्यात अशी सोय केली. ही सुधारणा मोठीच आहे. मात्र त्या यादीत पोहणे आहे, सायकल आहे, बागकाम आहे, गोल्फ आहे, नाच आहे. वारी नाही, मंगळागौर नाही, तीन तास मांडी घालून कीर्तन ऐकणे नाही. परदेशात तयार झालेल्या यादीत हे नसणार, यात त्यांचा दोष काही नाही. आपली यादी आपण केली नाही, हा दोष आपला.

इथे पहिला आक्षेप येतो. माणूस वेदनेने हैराण होऊन आलेला असतो, लाखांचा खर्च डोक्यावर असतो. अशा वेळी छंदांची विचारपूस म्हणजे चैन नाही का? हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण हे रुग्ण कोण आहेत ते पाहा. बहुतेकजण साठीच्या आसपासचे किंवा पुढचे. नोकरी संपलेली, मुले आपापल्या संसारात. त्यांचा दिवस ज्या गोष्टींनी भरतो, त्यांनाच आपण फुरसतीच्या गोष्टी म्हणतो. त्या काढून घेतल्या तर उरते ते जेवण, औषध आणि दूरदर्शन. बायकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, आणि आपल्याकडे गुडघे बदलून घेणाऱ्यांत बायकाच जास्त. त्यांच्या विरंगुळ्याला घरात कधी विरंगुळा म्हटलेच गेले नाही. भजनी मंडळ, हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, संध्याकाळी देवळापर्यंतची फेरी, यांवर त्यांचे सगळे मैत्र उभे असते. डॉक्टरांनी ‘काय काय करता यायला हवं?’ असे विचारलेच, तर उत्तर येते, ‘काही नाही हो, घरातल्या घरात फिरता आलं की झालं.’ हे उत्तर संकोचाचे असते. लिहून मात्र तेच घेतले जाते. वर्षभराने ती घरातल्या घरात उत्तम फिरते, कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी ठरते, आणि न सांगितलेली अपेक्षा न सांगताच मोडलेली असते.

आता प्रश्न असा, की यांतल्या कोणत्या गोष्टी परत मिळू शकतात? इथे भलती आशा आणि भलती भीती दोन्ही सारखाच घोटाळा करतात, म्हणून थोडे खोलात गेले पाहिजे. आज जो संपूर्ण गुडघा बसवतात त्याचा मूळ पुरुष म्हणजे १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तयार झालेला ‘टोटल कॉन्डायलर’ गुडघा. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी २००० साली आणि पुन्हा २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे बदलले, आणि ही शस्त्रक्रिया भारतात घरोघर ठाऊक झाली. तो पहिला गुडघा साधारण ९० अंशांच्या आसपास वाकायचा. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला तेवढे पुरत होते. आजचे गुडघे बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतात. सपाट चालायला ६०-७० अंश लागतात, जिन्याला ८० ते १००, खुर्चीतून उठायला तेवढेच. उकिडवे बसायचे म्हटले, की हिशेब ११० च्या पुढे सुरू होतो आणि पुरते बसायला १५० च्याही पलीकडे जातो. मांडी घालताना तर वाकण्याबरोबर गुडघ्याला पीळही पडतो. म्हणजे पाश्चात्त्य जीवनाची बहुतेक सगळी कामे आजच्या गुडघ्याच्या आवाक्यात येतात, आणि आपल्या जमिनीवरच्या जगण्याचा बराचसा भाग त्या आवाक्याच्या काठावर किंवा बाहेर पडतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल, हे बरेचसे तो आधी किती वाकत होता यावर ठरते. झिजेच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत दुखणे अंगावर काढून, पाय धनुष्यासारखा वाकडा आणि सांधा आखडलेला घेऊन येणाऱ्याला मांडी परत मिळण्याची आशा थोडीच असते.

जास्त वाकणारा म्हणून वेगळा गुडघाही बाजारात आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध दरनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला करांखेरीज ५४,७२० रुपये आणि जास्त लवचीक गुडघ्याला ५६,४९० रुपये अशी कमाल किंमत ठरली. फरक अवघा १,७७० रुपयांचा. प्रत्यक्ष वाकण्यातला फरकही तुलनात्मक चाचण्यांत तसाच किरकोळ निघाला आहे. ‘हाय फ्लेक्स टाकला की खाली बसता येईल’ हे वाक्य ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.

याचा अर्थ खालच्या बैठकीचे सगळे छंद गेले असा मात्र घेऊ नये. भजनाला मांडी आवश्यक नाही, आवाज आणि ताल आवश्यक आहेत. अडचण येते ती खुर्चीची. सतरंजीवर पंधराजणी बसलेल्या, आणि एकटीची खुर्ची मागे भिंतीशी. टाळ हातात असूनही ती वर्तुळाबाहेर पडते, आणि दोन-तीन गुरुवारांनंतर येणेच सोडते. हे अपयश गुडघ्याचे म्हणून नोंदले जाते, प्रत्यक्षात ते मांडणीचे आहे. चार खुर्च्या वर्तुळात आणल्या, पेटी छोट्या टेबलावर ठेवली, की प्रश्न सुटतो. आणि मंडळातल्या आणखी दोघींचे गुडघे दुखतच असतात, त्याही खुर्चीवर येतात. वारीचेही तसेच. आळंदीहून पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे चालणे आहे. नव्या गुडघ्याने पहिल्याच वर्षी सगळी वाट धरणे शहाणपणाचे नाही, आणि पुणे-सासवड हा दिवे घाटाचा लांबलचक टप्पा तर नाहीच नाही. पण सपाटीवरची एखादी छोटी मजल दिंडीबरोबर चालणे, हा वर्षभराच्या तयारीने गाठण्यासारखा पल्ला आहे. सगळे किंवा काहीच नाही, अशी निवड रुग्णापुढे उगीचच ठेवली जाते.

कोणत्या छंदाचा सांध्यावर किती भार पडतो, हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. बर्लिन आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांच्या गुडघ्यांत भार मोजणारी यंत्रणा असलेले सांधे बसवले आणि माणूस हिंडताफिरताना आतले आकडे घेतले. जागेवरची सायकल चालवताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापट भार येतो. सपाट चालताना दोन ते अडीच पटींच्या आसपास, जिना चढताना तीन पटींहून थोडा जास्त, आणि उतरताना जवळपास साडेतीन पट. हळू धावतानाही तो चार पटींच्या वर जातो. गोल्फसारख्या संथ समजल्या जाणाऱ्या खेळातही फटका मारताना पुढच्या पायावर चार पटींहून अधिक भार आढळला. या आकड्यांतून आपल्या कामाचे पुष्कळ निघते. सिंहगड चढणारा माणूस चढाला भितो, पण भार जास्त आहे तो उतरणीवर. म्हणून चढून जावे आणि खाली यायला गाडी धरावी, हा सल्ला साधा असला तरी पक्क्या पायावरचा आहे. फुगडीत वेग, गिरकी आणि पायावरचा झटका तिन्ही एकत्र येतात, ती सोडावी. पण मंगळागौरीची गाणी म्हणत रिंगणात बेताने टाळ्यांचा फेर धरायला हरकत नसावी.

भीतीचा वाटा किती मोठा आहे, हे गुडघे टेकण्याच्या उदाहरणावरून दिसते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० बदललेल्या गुडघ्यांबद्दल विचारले, तेव्हा ३२ गुडघ्यांवर विनात्रास टेकता येते असे रुग्णांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष टेकून पाहायला लावले, तेव्हा ६४ गुडघ्यांवर ते जमले. मधल्या ३२ गुडघ्यांना अडवणारी गोष्ट सांध्यात नव्हती. कोणी ‘करा’ म्हणून सांगितले नव्हते, आणि टेकल्यावर त्वचा बधिर लागते म्हणून काहीतरी बिघडेल असे वाटत होते. ही बधिरता छेद घेताना कातडीकडे जाणारी बारीक नस तुटल्यामुळे येते. तिने सांध्याला काही होत नाही. अर्धा गुडघा बदललेल्या रुग्णांवर २००८ साली झालेल्या एका चाचणीत तर फिजिओथेरपिस्टने एकदाच बसून टेकण्याचा सल्ला आणि सराव दिला, तेवढ्यानेही वर्षभरानंतर फरक दिसला. वाफ्यात खुरपणी करणारा, नमाजाला बसणारा, गोव्याच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकणारा, या सगळ्यांना तशी एक भेट हवी आहे. आपल्या डॉक्टरांना विचारून, मऊ उशीवर, पलंगाचा आधार घेऊन ती सुरुवात करता येते.

मग आक्षेप येतो तो अधिक गंभीर. अपेक्षा आणि समाधान यांचे नाते सांगणारे अभ्यास गोल फिरतात, असे काही जाणकार म्हणतात. जो नाराज आहे तो अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत असे म्हणणारच, त्यातून कारण कसे सिद्ध होते? यावर नेदरलँड्समध्ये सरळ प्रयोग झाला. शस्त्रक्रियेआधी एका गटाला नेहमीची माहिती दिली, दुसऱ्या गटाला काय साधेल आणि काय साधणार नाही याचे स्पष्ट चित्र दिले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि दुसरा गट वर्षानंतर अधिक समाधानी निघाला. अपेक्षांना हात घातला की समाधान हलते, हे यातून दिसते. पण याच देशातला आणखी एक प्रयोग माझ्या मताला थोडा अडवतो, आणि तो लपवणे बरे नाही. ६५ वर्षांखालच्या १२० नोकरदार रुग्णांत काहींना स्वतःची उद्दिष्टे ठरवून त्यांभोवती व्यायाम आखून दिला. कामाबद्दलचे त्यांचे समाधान वाढले. फुरसतीच्या गोष्टींबद्दलचे मात्र नेहमीच्या गटापेक्षा वेगळे ठरले नाही. म्हणजे उद्दिष्ट लिहून काढले की छंद परत येतो, इतके हे सोपे नाही. मला वाटते, नोकरीची जागा माणसाची वाट पाहत असते, तिला तारीख असते, वरिष्ठ असतात. छंदाची वाट पाहणारे कोणी नसते. म्हणून त्याला उद्दिष्टाबरोबर सोबतही लागते. या पुस्तकातला घरच्यांसाठीचा भाग त्यामुळेच महत्त्वाचा.

अपेक्षा कमी करून समाधान विकत घेणे ही फसवणूक नाही का, असेही विचारले जाईल. अपेक्षा नुसतीच खाली आणली तर ती फसवणूकच. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका तुलनेत गुडघा बदललेल्या ५२ टक्के लोकांना रोजच्या हालचालींत मर्यादा जाणवत होत्या. त्याच वयाच्या, गुडघ्याचा त्रास नसलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. यातला एक भाग वयाचा आहे आणि एक भाग गुडघ्याचा. रुग्णाला हे दोन्ही भाग वेगळे करून सांगितले, तर तो वयाशी भांडत बसत नाही आणि गुडघ्याकडून जे वसूल करता येते ते सोडतही नाही. वसुलीची मेहनत मात्र करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद आधीपेक्षा निम्म्याहूनही कमी होते, आणि ती भरून यायला कित्येक महिने जातात. आपल्याकडे घरी येणारा फिजिओ दीड-दोन महिन्यांत थांबतो, वॉकर सुटतो, आणि बरे झाले असे सगळे मानतात. छंदाकडे परतण्याची खरी वेळ तर तिथून सुरू होते. खेळ आणि व्यायामाकडे परतलेल्यांचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३६ पासून ८९ टक्क्यांपर्यंत आढळते. ही एवढी मोठी तफावत एकट्या धातूच्या बनावटीने समजावून सांगता येत नाही.

जास्त वापरला तर गुडघा लवकर झिजेल, ही काळजी रास्त आहे आणि तरुण रुग्णांत ती अधिक रास्त. हालचालींत असलेल्या रुग्णांचे गुडघे लवकर बदलावे लागतात का, याची उत्तरे अभ्यासांत एकसारखी नाहीत. काहींत थोडा फरक दिसतो, काहींत नाही. धावणे आणि उड्यांचे खेळ टाळावेत यावर मात्र बहुतेक शल्यविशारदांचे एकमत आहे. पोहणे, सायकल, चालणे, बागकाम, हलका नाच यांना कोणी अडवत नाही. पण सत्तरीच्या माणसाला झिजेच्या नावाखाली घरी बसवले, तर मधुमेह, रक्तदाब आणि एकटेपणा यांची किंमत त्याला त्याच वर्षी मोजावी लागते, आणि झीज आलीच तर ती पुढच्या कितीतरी वर्षांनंतर येते.

ज्यांची तारीख अजून ठरलेली नाही, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. २०१५ साली डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांवरची चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतर व्यायाम-आहाराचा कार्यक्रम, निम्म्यांना फक्त तो कार्यक्रम. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटात आराम स्पष्टपणे जास्त होता, आणि गंभीर दुष्परिणामही जास्त होते. दुसऱ्या गटातल्या सुमारे चौथाईने त्या वर्षातच शस्त्रक्रिया करून घेतली. बाकीचे तेवढ्यावर थांबले होते. ज्याचे दुखणे रात्रीची झोप घेऊन गेले आहे, ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाववत नाही, त्याने थांबण्याचे कारण नाही. पण ज्याचे दुखणे सोसण्याजोगे आहे, गुडघा अजून पुरता वाकतो, आणि ज्याचा जीव रोजच्या पूजेच्या मांडीत किंवा उकिडवे बसून करायच्या कामात अडकला आहे, त्याने शल्यविशारदासमोर बसून आधी तेवढाच प्रश्न विचारावा: हे मला नंतर करता येईल का? उत्तर ‘बहुधा नाही’ असे आले, तर सहा महिने मनापासून व्यायाम करून, वजन उतरवून पुन्हा विचार करण्याचा त्याला हक्क आहे. पहिल्या प्रकरणातली प्रश्नावली त्या भेटीला जाण्यापूर्वी भरायची आहे, आणि ती रुग्णाने स्वतःच्या हाताने भरावी. मुलाने किंवा सुनेने भरू नये.